शांततेची हमी

सहदेवचा उजवा हात गळ्यात अडकवलेला होता, म्हणून चौकीचं दार शेवंतीनं ढकललं. आत बाकावर माणिक आधीच येऊन बसला होता. पंधरा दिवसांपूर्वी, कांजूरमार्गच्या त्यांच्या चाळीत, नळावरच्या मुलींची छेड काढू नकोस एवढंच सहदेव त्याला बोलला, तेव्हा यानंच कोयता चालवला होता. तेव्हापासून शेवंतीला एकच ध्यास लागला होता, हा आत जावा. गिरणी संपात बुडाली, आता रखवालदारीवर घर चालत होतं. हा मोकळा असताना नवरा कामावर जाणार कसा?

"बसा ना वहिनी," माणिक सरकत म्हणाला.

"साहेब, ह्याला अटक करा म्हणून आलो आम्ही. ह्याच्या शेजारी बसायला नाही."

फौजदारांनी कागद उलटला. "इस्पितळात तुमच्या नवऱ्यानं काय सांगितलंय, वाचू? 'पत्र्यावर पडलो.'"

शेवंतीची मान खाली गेली. त्या दिवशी टॅक्सीत गावच्या मंडळाचे धाकूकाका सहदेवच्या कानाशी लागले होते, "गावचो पोरगो तो. नाव घेव नको, मंडळात मिटवूया." रक्त वाहत असतानाही सहदेवनं वडीलधाऱ्याचा शब्द मोडला नव्हता. माणिक मात्र मंडळाच्या बैठकीला फिरकलाही नाही.

"ते चुकलंच आमचं. पण दुसऱ्याच दिवशी इथं येऊन मी खरं सांगितलं. नळावरच्या बायका साक्ष द्यायला तयार आहेत. तुमचा एक माणूस तरी आला विचारायला? पत्रा असा कापतो का हो? टाके बघा!"

"बाई, आवाज खाली. किरकोळ बाचाबाची आहे. दोघांकडून शांततेची हमी लिहून घेतो, विषय संपला."

"दोघांकडून? ह्यांनी काय केलं?"

"टाळी एका हातानं वाजत नाही."

"दुसरा उचलतच नाही, साहेब," सहदेव पहिल्यांदाच बोलला.

गिरणीत अठरा वर्षं सही करून पगार घेतलेल्या माणसानं डाव्या अंगठ्याचा ठसा उमटवला. माणिकनं झोकात सही ठोकली आणि शीळ घालत तो बाहेर पडला.

दाराशी हवालदार कुंडलिकांनी शेवंतीला हळूच गाठलं. "ताई, थोडे दिवस गावाला जा. मी बोललो म्हणून सांगू नका."

"वार त्यानं करायचा आणि मुंबई आम्ही सोडायची?"

कुंडलिक टोपी सारखी करत आत वळले.

समोरच्या पानाच्या गादीपाशी माणिक थांबला होता. चाळीचा रस्ता तिथूनच जात होता. शेवंतीनं पदर खोचला आणि नवऱ्याच्या जखमी बाजूनं चालू लागली.