उष्टा दिवा

चंद्रिकाबाईंनी निरांजन लावायला काडी पेटीवर टेकवली, तोच माधवरावांनी धावत येऊन त्यांचा हात धरला.

"थांब! वास येत नाही का तुला?"

लसूण ठेचल्यासारखा वास हॉलभर कोंदला होता. माधवरावांनी खिडक्या उघडल्या, भिंतीवरच्या दिव्याचा उघडा कॉक बंद केला आणि हौशीरामला हाक मारली.

हौशीराम परसातल्या पत्र्याच्या शेडमधून पळत आला. वलवणच्या वाटेवरच्या या बंगल्यात कार्बाइडवर पाणी सोडून दिव्यांसाठी गॅस करत, आणि तो सांभाळणारा हौशीराम एकटाच. मग मिजास काय विचारता! त्याची आई धोंडाबाई सुदुंबऱ्याहून बंगल्यात भांडी घासायला आली, तेव्हा पहिल्याच दिवशी त्याने तिला शेडपुढे उभं करून धडे दिले. शेडमधली मोठी चावी ती मेन, खोलीतल्या दिव्याची तो कॉक, गॅस गळला की लीक. धोंडाबाईने ते शब्द ओवीसारखे पाठ केले. भांडी घासताना एकटीच म्हणायची आणि लेकाच्या हुशारीवर खूश व्हायची.

"कॉक उघडा राहिलाच कसा?" माधवराव कडाडले. "आत्ता घरासकट उडालो असतो. ज्याने हे केलं त्याने उद्या इथून चालतं व्हायचं."

 रात्री खोलीखोलीत जाऊन कॉक बंद करायचे आणि मग मेन, ही हौशीरामचीच रीत. काल कंटाळा केला आणि शेडमधूनच मेन बंद करून सगळे दिवे एकदम घालवले. आज दुपारी बाकीच्या खोल्यांचे कॉक आठवणीने फिरवले, हॉलचा तेवढा राहिला, आणि आत्ता दिवेलागणीला त्याने मेन सोडली होती. 

"मालक, म्या केलं," दारातून धोंडाबाई म्हणाली. "राती हितला दिवा म्या फुकला."

"फुंकला? आणि कॉक?"

"त्यो काय आसतो, मालक? आमी अडाणी मानसं. दिवा फुकायचा, येवढंच ठावं."

माधवराव हौशीरामकडे वळले.

"तू शिकवलं नव्हतंस आईला?"

हौशीरामने खाली मान घातली.

"न्हाई, मालक."

पहाटे धोंडाबाईने गाठोडं बांधलं. हौशीरामचा रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. ज्या आईने आपल्याला चारचौघांत मान वर करून चालायला शिकवलं, तिलाच आपण अडाणी ठरवलं, या लाजेने त्याला तिच्याकडे बघवत नव्हतं. रॉकेलच्या चिमणीपलीकडे ती बसली होती. आता तिला सगळं सांगायचं आणि तसंच मालकांपुढे जाऊन उभं राहायचं, असं ठरवून तो पुढे वाकला, तोंड उघडलं.

धोंडाबाईने चटकन त्याच्या तोंडावर हात ठेवला.

"फुकू नगं रं. तोंडानं फुकल्यावर दिवा उष्टा व्हतो. ल्हानपनापास्नं सांगतीया तुला."

तिने पदराने वारा घालून चिमणी मालवली. अंधारात चाचपडत गाठोडं काखेला मारलं आणि उंबऱ्याबाहेर पाय टाकला. मग थांबली.

"आज मेन सोडायच्या आदी समदे कॉक बघ, बाबा," ती म्हणाली. "हालचा पयला."