पाठ टेकलेली इंजिनबाई

जळक्या नायलॉनचा वास.

छताचा पोपडा. कधी बदक, कधी किटली.

हवेचा एक बुडबुडा.

आडवं पडून चहा प्यायची नळी.

वहिनीच्या पायांवर बसलेली नणंद.

हे सगळं एकाच खोलीतलं. खोली लाँड्रीच्या वरची. पलंगावर उताणी पडलेली बाई लाँड्रीची मालकीण. गल्ली तिला इंजिनबाई म्हणायची, कारण दिवसाढवळ्या तिने पाठ टेकलेली कुणी पाहिली नव्हती. ताप आला तरी बाई उभी.

आता बुडबुड्याचं. डोळ्याच्या बुबुळावर काचेसारखा पडदा असतो, कॉर्निया. इंजिनबाईच्या कॉर्नियाचा आतला थर निकामी झाला होता. रात्रभर त्यात पाणी साचायचं आणि सकाळी सगळं जग वाफ धरलेल्या आरशासारखं. दुपारपर्यंत निवळायचं. पुढे दुपारीही निवळेना. पांढऱ्या शर्टावरचा डाग दिसेना. इस्त्री कुठे आहे ते चटका बसला की कळायचं.

डॉक्टरीणबाईंनी मृत माणसाच्या डोळ्यातला तोच थर, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ, तिच्या डोळ्यात सोडला आणि त्याखाली हवा भरली. हवा वर चढते, पापुद्र्याला दाबून धरते. मात्र माणूस छताकडे तोंड करून पडला तरच. जेवण आणि बाथरूम, एवढीच सूट.

गेल्या वर्षी याच डोळ्यात हेच झालं होतं. तेव्हा इंजिनबाई "एवढा एक कोट उरकते" म्हणून खाली उतरली ती संध्याकाळपर्यंत उभीच. पापुद्रा सुटला. परत हवा भरून पाहिली, पण त्याने काही धरलं नाही.

"कुणीतरी जाताना देऊन गेलं," ती म्हणाली, "आणि मी कोटापायी घालवलं."

"या वेळी सुटला, तर पुढचं अवघड आहे," डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं.

म्हणून नणंद पहाऱ्यावर.

"वहिनी, मान!"

"नाकाला खाज आलीय गं."

"मी खाजवते. तू फक्त पड. जन्मभर आम्हाला पळवलंस, आता भोग."

आणि तेवढ्यात खालून तो वास आला.

खाली नवरा होता. त्याने आजवर गठ्ठे बांधले, गिऱ्हाइकांशी गप्पा मारल्या. इस्त्रीला हात लावला नव्हता. इंजिनबाईच्या टाचा गादीत रुतल्या, खांदे उचलले गेले.

"अस्तर जाळतायत! दुकान पेटवतील!"

नणंद धपकन तिच्या पायांवर बसली. "उठून तर बघ!"

नणंद म्हणजे काडीपहिलवान. इंजिनबाईने नुसता गुडघा झटकला असता तरी दाराशी जाऊन पडली असती. दोघींनाही ते माहीत होतं. इंजिनबाईने श्वास रोखला. मग एकेक खांदा परत गादीवर ठेवला, डोकं उशीत दाबलं, आणि छताकडे बघत तोंड उघडलं.

"अहो! इस्त्री उचला!"

"उचलली!"

"कुठे ठेवलीत?"

खालून पुन्हा तोच वास.

"उभी ठेवा, उभी!"

"इस्त्री उभी, तू आडवी. समजलं!"

गिऱ्हाइकं हसली. इंजिनबाई हसली नाही. "गरमीचा काटा खाली आणा. ओलं फडकं घाला. चर्र झालं पाहिजे, फस्स नको. आता हे फस्स झालं! थांबा जरा, तापू दे."

"दादा, ती म्हणतेय..." नणंदेने खिडकीतून सुरुवात केली.

"अगं, सगळी गल्ली ऐकतेय!"

"इंजिन शेडमध्ये, पण शिट्टी जोरात," खालून कुणीतरी म्हणालं.

संध्याकाळपर्यंत दुकान चाललं. एक अस्तर गेलं, बाकी सगळं निभावलं. इंजिनबाईचा घसा बसला. मान मात्र तसूभर हलली नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. बदकाची किटली झाली, किटलीचं बदक झालं, बुडबुडा विरत गेला.

डॉक्टरीणबाईंनी यंत्रातून बराच वेळ पाहिलं. इंजिनबाईच्या पदराचा पार बोळा झाला होता.

"धरलाय. कडेपर्यंत धरलाय."

"मग उठू?"

"उठा की!"

नजर हळूहळू स्वच्छ होत गेली. एके दिवशी सकाळी जाग आली तेव्हा सवयीप्रमाणे ती धुकं सरायची वाट पाहत पडून राहिली. धुकं नव्हतंच. दारात नवरा चहा घेऊन उभा होता, मागे नणंद.

"थांबा. तिकडे वळा. पँटला दोन दोन क्रीज?"

"एक चुकली तर दुसरी असावी म्हणून."

"आणि तू गं, केस रंगवतेस होय? मुळं पांढरी दिसतायत."

"दादा," नणंद कपाळावर हात मारून म्हणाली, "हिच्या डोळ्यात परत हवा भर बाबा!"

इंजिनबाई खाली उतरली. दुकानाचं शटर तिनेच वर ढकललं. गठ्ठ्यातला पहिला पांढरा शर्ट उजेडात धरला. कॉलरखाली शाईचा ठिपका, मोहरीएवढा.

"सापडला!" ती एवढ्या मोठ्याने ओरडली की समोरचा चांभार हातातला बूट टाकून धावत आला.

या दुसऱ्या ऑपरेशनच्या काही दिवस आधी, वेगळ्याच एका घरात, एका मुलीने पंखा बंद केला, वडिलांच्या मिटलेल्या पापण्यांवर ओला कापूस ठेवला आणि नेत्रपेढीला फोन लावला.