पंचेचाळीस नंबर

उत्तमरावांना जयपुरात येऊन आठ दिवस झाले होते आणि त्यातले पाच त्यांनी स्कूटरपुढे पाटावर बसून काढले होते. सुनेने, प्रणालीने, आमेरचा किल्ला दाखवायचा बेत केला होता, तो तसाच राहिला. साताऱ्याकडे काय किल्ले कमी आहेत का, असं म्हणून त्यांनी पाना हातात घेतला तो घेतलाच.

स्कूटर मूळची त्यांचीच. कऱ्हाडात वीसेक वर्षं वापरून, फौजेतल्या पोराचा, संग्रामचा, संसार थाटला तेव्हा त्यांनी ती त्याला देऊन टाकली. मग ती त्याच्या बदल्यांबरोबर देशभर हिंडली. तीन वर्षं शिमल्याला काढून गेल्या साली जयपुरात उतरली आणि इथे तिला एक खोड जडली. रेस दिली की मस्त पळायची, मूठ सोडली की बंद. सिग्नलला उभं राहणं म्हणून तिला ठाऊकच नव्हतं.

संग्राम आता सीमेवर होता. प्रणाली मुरलीपुऱ्यातल्या भाड्याच्या घरातून विद्याधर नगरच्या शाळेत शिकवायला रोज याच स्कूटरवरून जायची. महिन्यापूर्वी सीकर रोडच्या चौकात ती ऐन मध्यावर बंद पडली आणि मागच्या ट्रकने करकचून ब्रेक मारला म्हणून निभावलं. तेव्हाच संग्रामने फोनवर सांगून टाकलं की गाडी विकून टाक. जवळच्या बस्सी गावचा योगेश नावाचा कुणी जुन्या गाड्यांचा शौकीन रविवारी सकाळी ती न्यायला येणार होता. आज शनिवार होता.

गाडी जाणार याचं उत्तमरावांना वाईट वाटत होतंच, पण खरं दुखणं वेगळं होतं. एसटीच्या डेपोत एकतीस वर्षं त्यांनी मेकॅनिकी केली होती. कुंभार्ली घाटात बंद पडलेल्या गाड्या टॉर्चच्या उजेडात सुरू करून दिल्या होत्या. उत्तमरावांच्या हाताला यश आहे, असं डेपो मॅनेजरसुद्धा म्हणायचे. आणि आता ही एवढीशी स्कूटर ऐकेना. प्लग बदलून झाला, गॅस्केट नवं घातलं, कार्बोरेटर सहा वेळा खोलून पेट्रोलमध्ये धुतला, हवेचा स्क्रू पुरता आवळून दीड फेरा मागे घेतला. बारीक स्क्रू धरताना हल्ली बोटं थरथरायची. आपल्या हाताचं यश सरलं, अशी धास्ती त्यांनी घेतली होती, आणि ती कुणापाशी बोलायची सोय नव्हती.

त्यात कोपऱ्यावरचा मेकॅनिक मुरलीधर सकाळी डोकावून गेला. त्याने दोनदा किक मारून ऐकलं आणि म्हणाला, "बाऊजी, सब ठीक है. बस, उमर हो गई है." तो स्कूटरबद्दल बोलला की आपल्याबद्दल, हे उत्तमरावांना दुपारपर्यंत ठरवता आलं नाही.

प्रणाली चहा घेऊन आली आणि पायरीवर टेकली. नका एवढं जिवाला लावून घेऊ, असं तिने समजावलं, आणि बोलता बोलता सहज म्हणाली की शिमल्याला मात्र हिने कधी त्रास दिला नाही, सुरुवातीचे दोन-तीन आठवडेच काय ते नखरे केले.

उत्तमरावांनी कप खाली ठेवला.

"मग सुधारली कशी? कुणी खोलली व्हती?"

 नवऱ्याची बाजू घ्यावी की सासऱ्यांना खरं सांगावं, हे प्रणालीला कळेना. उत्तमरावांनी मात्र उत्तराची वाट न पाहता स्लोचा जेट काढून तळहातावर घेतला. मूठ सोडल्यावर इंजिन स्लो चालायला लागेल तेवढंच पेट्रोल सोडणारा, बारीक भोकाचा पितळी तुकडा. त्यावरचा नंबर त्यांनी सहा वेळा धुऊन एकदाही पाहिला नव्हता. आपल्याच घराच्या दारावरची पाटी कोण वाचतो? आता वाचावी म्हटलं तर नजर पोचेना. प्रणालीने मोबाईलवर फोटो काढून मोठा केला.

"चाळीस लिहिलंय, मामा."

"माझ्या गाडीत पंचेचाळीस हाय," उत्तमराव म्हणाले.

फोन लागला तेव्हा संग्राम जेवायला बसणार होता. जेटचं नाव निघताच त्याने ताट बाजूला सारलं. मग त्याने सगळं सांगितलं. शिमल्याची हवा विरळ, तिथे गाडीला पेट्रोल जास्त व्हायचं, धूर ओकायची. म्हणून त्याने स्वतः बसून लहान भोकाचा जेट घातला. जयपूरच्या दाट हवेत तो पुरणार नव्हता, पण आल्यावर बदलायचं ध्यानातच राहिलं नाही, आणि सीमेवर जायची घाई झाली.

"मला का इचारलं न्हाईस?"

"धाडस झालं नाही, अण्णा. तुम्ही म्हणाला होता, तुझ्या हाताला यश नाही, गाडीला हात लावू नको."

उत्तमरावांना आठवलं. पोरगा सोळा वर्षांचा होता, कार्बोरेटर खोलून त्यातली स्प्रिंग त्याने हरवली होती. ते बोलले आणि विसरले. पोराने वीस वर्षं जपून ठेवलं होतं. त्यांना एकदम लाज वाटली.

"जुना जेट टाकलास?" त्यांनी हळू विचारलं.

"तुमच्या हातचा कसा टाकेन? देव्हाऱ्यात आहे, कुंकवाच्या डबीत."

प्रणालीने कपाळावर हात मारला. ती पितळी वस्तू पलटणीतली काहीतरी मानाची असेल असं समजून ती दर खंडेनवमीला पान्या-पकडींबरोबर तिची मनोभावे पूजा करत आली होती. जेट निघाला तो लालभडक, आणि भोक कुंकवाने पार बुजलेलं. तारेने कोचलं तर भोक मोठं होतं, हे उत्तमरावांनी डेपोत शंभर जणांना बजावलं होतं. त्यांनी तो पेट्रोलमध्ये भिजत घातला, झाडूची काडी फिरवली, फुंकर मारून उजेडाकडे धरला. पलीकडचं आभाळ टिकलीएवढं दिसलं.

बसवताना बोटं थरथरलीच. प्रणालीने टॉर्च धरला आणि तिकडे न पाहिल्यासारखं केलं. दुसऱ्या किकला इंजिन सुरू झालं. उत्तमरावांनी मूठ सोडली. आवाज खाली आला, अजून खाली आला, आणि तिथेच ठरला. टुक टुक टुक करत स्कूटर अंगणात उभी राहिली. प्रणालीने काही न विचारता बस्सीच्या योगेशला येऊ नका म्हणून कळवलं.

मग उत्तमरावांनी पुन्हा फोन लावला आणि इंजिनाजवळ धरला. थोडा वेळ दोघेही बाप-लेक नुसता तो आवाज ऐकत राहिले.

"जमलं, अण्णा. तुमचाच हात," संग्राम म्हणाला.

"माझं काय त्यात? मी जुनं हुतं तेच बसवलं," उत्तमराव म्हणाले. "शिमल्याच्या हवेला तुझाच जेट बरोबर व्हता. मला तर तो सुचलाबी नसता. तुझ्या हाताला यश हाय, पोरा. मी त्या वक्ताला चुकलो."

 उत्तमरावांनी तो चाळीस नंबरचा जेट धोतराला पुसला आणि प्रणालीच्या हातात देऊन कुंकवाच्या डबीत ठेवायला सांगितला. येत्या खंडेनवमीला याची पूजा ते स्वतः करणार होते.