देवळीतली दुसरी बाटली

मी एक तपकिरी काचेची बाटली आहे. तळहातावर मावेन एवढी, डोक्यावर रबराचं बूच. माझ्या पोटात ई जीवनसत्त्व आणि थोडं सेलेनियम होतं. निरवांगीच्या आबाजींनी मला देवपण दिलं. मी ते मागितलं नव्हतं.

कारखान्यातून मी बारामतीच्या जनावरांच्या औषधांच्या दुकानात आले. तिथून डॉक्टरांच्या बॅगेत, आणि मग मोटारसायकलवरून गोठ्यागोठ्यात.

गोचीड ताप मी जवळून पाहिलाय. संकरित गाईच्या कानामागं, कासेला गोचीड चिकटते आणि रक्त पिता पिता डोळ्यांना न दिसणारा परजीवी आत सोडते. गाय तापानं फणफणते, खांद्यापुढची गाठ सुजते, पापण्या आतून पांढऱ्या पडतात. त्या परजीवीला मारायचं काम एका लाल औषधाचं. पण तो मरेपर्यंत अंगात जी जाळपोळ चालते, तिच्या ठिणग्या रक्तातल्या चांगल्या पेशींवरही उडतात. त्या विझवायला मी असते. शिकलेली माणसं मला अँटिऑक्सिडंट म्हणतात. आग लावणाऱ्याला मात्र मी धरू शकत नाही.

आबाजींची चांदणी गाय आजारी पडली तेव्हा डॉक्टरांनी आधी तिच्या मानेत लाल औषध टोचलं. आबाजी त्या वेळी बाहेर तंबाखू मळत कुणाशी तरी बोलत उभे होते. ते आत आले तेव्हा सुईत मी होते. चांदणी उठली. आबाजींनी मला उरलेल्या औषधासकट मागून घेतलं, गोठ्याच्या देवळीत अंगाऱ्याशेजारी ठेवलं आणि हळदकुंकू वाहिलं. दुपारचं ऊन थेट माझ्या तोंडावर येई.

माणसं स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं तेवढंच खरं मानतात, आणि वय वाढलं की तेवढंच मोठ्या आवाजात सांगतात.

शेजारच्या वस्तीवरच्या बानूकडे एकच गाय, तीही गाभण. एका सकाळी बानू धावत आली.

"आबाजी, गाय वैरणीला तोंड लावंना. अंगाची नुसती भट्टी झालीया. डॉक्टरला बोलवू का?"

"त्यो येऊन हेच टोचणार," आबाजींनी मला देवळीतून उचललं. "चांदणी हिनंच उठिवली. चल."

टोचायचं त्यांना जमत होतं. त्यांनी मला पूर्ण रिकामी केली. दुसऱ्या दिवशी गाय खाली बसली ती उठेना.

त्याच दिवशी आबाजींची नात संस्कृती बारामतीच्या कृषी महाविद्यालयातून सुट्टीला आली होती. दप्तर ओट्यावर टाकून ती तशीच बानूच्या गोठ्यात गेली आणि गाईची पापणी ओढून पाहिली.

"आबा, काय टोचलंत?"

"ताकदीचं औषध. उद्या चरायला जाती का न्हाय बघ."

"पापणी बघा, कागद झालाय. रक्तातल्या किड्याला कोण मारणार?"

"आमी जनावरं पाळली तवा तुझा बाप पाळण्यात व्हता."

"तेव्हा दावणीला देशी खिलार होती, आबा. खिलारीला हा ताप बराचसा सोसतो, हिच्यासारख्या संकरित गाईला सोसत नाही. तुमचा अनुभव खरा आहे, पण तो दुसऱ्या जनावराचा आहे."

"भांडान मागनं करा," बानू म्हणाली. "माझी गाय बसलीया."

संस्कृतीनं तोवर फोन लावला होता.

डॉक्टर आले. कानाच्या टोकाचं रक्त काचेवर घेतलं, लाल औषध दिलं, सलाईन लावलं. मला उजेडात धरून म्हणाले, "हिचं काम आता पुरे. जास्त दिलं तर विष होतं. एक दिवस वाया गेलाय, वासराचं मी सांगू शकत नाही."

बानू गाईच्या पोटावर हात ठेवून बसली.

संध्याकाळी तिच्या हाताखाली वासरू हललं. पुढं ताप उतरला, गाय उठली, कडवळाच्या हिरव्या वैरणीला तोंड लावलं. माझा तिला थोडा उपयोग झाला असेल. उन्हात उभं राहून माझ्यात किती दम उरला होता, हे मलाही ठाऊक नाही.

आबाजी मला पुन्हा देवळीत ठेवत म्हणाले, "बघितलंस? उठिवली का न्हाय बाटलीनं?"

संस्कृती वाद घालायला गेली नाही. तिनं लाल औषधाची रिकामी बाटली जपून ठेवली होती. ती तिनं देवळीत मांडली आणि मला मागं सरकवलं.

"कुंकू लावायचंच असेल तर आधी हिला. ही आली तरच मागचीचा उपयोग."

"पोरगी देवातबी नंबर लावती," आबाजी पुटपुटले. पण बोट कुंकवात बुडवलं, आणि ते आधी पुढच्या बाटलीकडं गेलं.

परवा वस्तीवरचा गेणू आला. त्याच्या कालवडीला ताप होता, त्याला बाटली हवी होती. आबाजी बाजेवरून म्हणाले, "आधी डॉक्टरला फोन लाव. बाटलीचं मागनं बघू." संस्कृती दारात उभी होती. तिच्याकडं त्यांनी पाहिलं नाही.

आता माझ्या पोटात काही नाही. माझ्यासारख्या भरलेल्या बाटल्या दुकानात पुष्कळ आहेत. डॉक्टर म्हणतील तेव्हा त्यांना जरूर आणा, सावलीत ठेवा, फक्त एकट्याच पुढं धाडू नका.

कुंकू मला रोज लागतं. आधी पुढच्या बाटलीला, मग बोटावर उरलेलं मला. तेवढं पुरतं.