आर्वीने रशियन कसा पकडला

आर्वी तोस्सावाइनेनचं आणि बंदुकीचं कधी म्हणून जमलं नाही. सरावाच्या वेळी त्याने निशाणा सोडून शेजारच्या शेतातलं बुजगावणं पाडलं होतं, तेही चुकून. गावाकडे तो जोडे शिवायचा. अशा माणसाचं लढाईत करायचं काय? कंपनीने बराच विचार केला आणि त्याला साउना सांभाळायला दिला.

स्विर नदीच्या काठी, रशियनांच्या समोर, आघाडी ठाण मांडून बसली होती. खंदकांच्या मागे झाडीत ओंडक्यांचं ते बुटकं वाफघर होतं. चूल पेटवायची, दगड तापवायचे, पाणी ओढायचं, वाफेत अंगावर झोडायला बर्चच्या डहाळ्यांच्या जुड्या भिजत घालायच्या, एवढंच आर्वीचं युद्ध. "देश माझ्या भरवशावर आहे," तो म्हणायचा. "निदान देशाची पाठ तरी."

हसायचा खरा, पण आतून पोखरला होता. त्याची लेक लेम्पी मार्चमध्ये जन्मली होती. आता सप्टेंबर लागला, पोरगी बसायला लागली, आणि बापाने अजून तिचं तोंडसुद्धा पाहिलं नव्हतं. रजा मागितली की लेफ्टनंट म्हणायचा, "रांगेत थांब." ती रांग काही पुढे सरकत नव्हती.

मग एके दिवशी लेफ्टनंटने जाहीर केलं, की जो कोणी जिवंत कैदी आणेल त्याला दोन आठवडे घरची रजा. आर्वीचे डोळे लकाकलेले पाहून स्वयंपाकी कुइवालाइनेन खो खो हसला. "लेका आर्वी, तू पकडायला गेलास ना, तर रजा त्या रशियनालाच मिळेल!"

आर्वीलाही ते पटलं, हीच तर पंचाईत होती.

त्या शनिवारी दिवेलागणीला कंपनीची अंघोळ उरकली आणि आर्वी शेवटचा एकटाच वरच्या फळीवर जाऊन बसला. दगडांवर पाणी टाकलं. वाफेने कान भाजले तेव्हा कुठे जिवाला बरं वाटलं. तेवढ्यात दार उघडलं. अंधारात कोणीतरी ओव्हरकोट घालून, दोन्ही हात वर करून उभा होता.

"अरे दार लाव! वाफ चालली सगळी!" आर्वी खेकसला. "आणि कोट घालून साउनात? आईने काही शिकवलं की नाही तुला? काढ ते!"

त्याने हातवारे करून दाखवलं. माणूस क्षणभर घुटमळला, बाहेर गेला, कपडे उतरवून परत आला आणि पुन्हा हात वर करून उभा राहिला. आर्वीने त्या हातात डहाळ्यांची जुडी ठेवली.

माणूस मुकाट्याने शेजारी बसला. नाव नाही, गाव नाही, हूं नाही की चूं नाही. आर्वीला फार आवडला. साउनात असंच असावं, देवळात असल्यासारखं. उत्तरेकडच्या नव्या तुकडीतला असणार, तिकडची माणसं वर्षाकाठी एक वाक्य बोलतात. आर्वी मात्र पडला साव्होचा, बोलघेवड्यांच्या मुलखातला. गप्प बसणारा भेटला की त्याची जीभ चौखूर सुटायची.

"पाठ कर इकडे," तो म्हणाला आणि साबण लावून माणसाची पाठ चोळू लागला. चोळता चोळता लेकीची गोष्ट निघाली, ती किती एवढीशी असेल हे हातांनी दाखवून झालं, मग रजेचं निघालं. "मला एक रशियन पाहिजे रे. पण मला कुठला सापडायला! मांडीला मांडी लावून बसला तरी मला कळायचं नाही."

माणसाने मान हलवली. मग आर्वीकडे वळून, त्याला पाठ फिरवायला लावून, त्याचीही पाठ छान चोळून दिली.

"मोठा भला माणूस आहेस," आर्वी म्हणाला. "शेवटची वाफ तू घे. मी लाकडं आणतो." अंधारात चाचपडत त्याने कपडे चढवले आणि तो झाडीत गेला.

लाकडं घेऊन परतला तर मुदपाकखान्यापाशी ही गर्दी! मधोमध कुइवालाइनेन डाव परजत उभा. "मी पकडला! सुपाच्या वासाने आला, मला पाहून हात वर केले!" त्याच्यासमोर रशियन ओव्हरकोट घातलेला एक माणूस. केस ओले, तोंड लालबुंद, मानेला बर्चचं पान चिकटलेलं.

आर्वीच्या हातातली लाकडं पायावर पडली.

बोलावं की गिळावं? बोललं तर जन्मभराची शोभा, वर शत्रूला पाठ चोळून दिली म्हणून शिक्षा होईल ती निराळी. गिळलं तर कुइवालाइनेन दोन आठवडे दारू पिऊन येणार आणि लेम्पी रांगायला लागणार. आर्वीने डोळे मिटले.

"लेफ्टनंटसाहेब, हा माझा आहे. आधी मला शरण आला. मी... मी त्याला अंघोळ घातली."

कंपनी अशी हसली की पलीकडच्या काठाला वाटलं असेल, हल्ला आला. कुइवालाइनेन तर खालीच बसला. आर्वीने सगळं सांगितलं, कोट, जुडी, साबण, आणि प्रत्येक शब्दाला हशा वाढत गेला.

लेफ्टनंटने डोळे पुसत होमानेनला पुढे बोलावलं. तो सीमेवरच्या कारेलियाचा, त्याला रशियन यायचं. "विचार त्याला, हे खरं का?"

कैदी बराच वेळ बोलला. होमानेनने घसा साफ केला. "म्हणतो, दोनदा हात वर केले, याने काही दखल घेतली नाही. मग कपडे घालून मुकाट्याने परत पळायचं ठरवलं होतं, शरण गेलं की गोळी घालतात असं त्यांना सांगितलंय. पण हा माणूस लहान मुलाचं सांगत होता आणि सांगताना रडत होता. या कैद्यालाही तेवढंच पोर आहे घरी. तेव्हा वाटलं, इथे मारणार नाहीत."

रडण्याचा भाग आर्वीने गाळला होता. आता तो बुटांकडे पाहत उभा राहिला.

"कुइवालाइनेन, याला सूप दे," लेफ्टनंट म्हणाला. "आणि तोस्सावाइनेन, तू सकाळच्या ट्रकने नीघ. माझा विचार बदलायच्या आत."

सकाळच्या ट्रकमध्ये मागे दोघंच होते, आणि एक पहारेकरी. आर्वी घरी निघाला होता आणि कैदी युद्धकैद्यांच्या छावणीत. आर्वीने तंबाखूची अख्खी पिशवी त्याच्या मांडीवर ठेवली. साव्होचा माणूस असून त्याला बोलायला काही सुचेना. ज्याला विकून रजा मिळवली त्याच्याशी बोलणार काय?

स्टेशन आलं. आर्वी उतरला तसा कैदी वाकला, हातांनी लहान मूल धरल्यासारखं केलं आणि काहीतरी विचारलं.

"हो, हो," आर्वी म्हणाला. त्याला एक अक्षर कळलं नव्हतं.

घरी पोहोचल्यावर बायकोने, हिल्याने, लेक त्याच्या हातात दिली. पोरीने अनोळखी दाढीवाल्याला पाहून टाहो फोडला. आर्वीही तिच्याबरोबर ढसाढसा रडला. लेक भेटली म्हणून रडतोय, असंच हिल्याला वाटलं, आणि अर्धं तर ते खरंच होतं.