पालथा वाडगा

मी एक जुना जर्मनचा वाडगा आहे. मित्रांनो, जर्मन म्हणजे तुमच्या शाळेच्या पुस्तकातले अॅल्युमिनियम. आमच्या पिंपळनेरच्या घरात त्याला जर्मनच म्हणतात. गेले दहा महिने मी फडताळात पालथा होतो आणि त्यातले आठ महिने माझ्याखाली एक पोस्टकार्ड होते. ते भुसावळहून आले होते. त्याला उत्तर गेले नव्हते. त्या कार्डात काय होते आणि उत्तर का गेले नाही, हे सांगायचे तर मला माझे सगळे आयुष्य सांगावे लागेल. ते नीट जमेल की नाही, याची मला शंका आहे. भांड्याला ऐकण्याची सवय असते, बोलण्याची नसते. चुकले तर सांभाळून घ्या.

माझा जन्म धुळ्यात एका लहान कारखान्यात झाला. पत्र्याची गोल चकती यंत्राखाली ठेवली, एक दणका बसला, आणि मी वाडगा झालो. तिथून मी पिंपळनेरच्या आठवडे बाजारात आलो. झुंबरबाईने मला उचलले आणि दोनदा जमिनीवर आपटून पाहिले. दुकानदार ओरडला, तेव्हा ती म्हणाली, "फुटत नही. चालीन." माझी एवढीच स्तुती झाली, पण मला ती पुष्कळ वाटली.

झुंबरबाईचे यजमान झुलाल आबा. तेव्हा ते तरुण होते आणि गावच्या वाचनालयात पुस्तके देण्याघेण्याचे काम करत. माणसांशी बोलायची त्यांना फार लाज. कोणी पुस्तक सहा महिन्यांनी परत आणले, तरी आबाच ओशाळून खाली बघत. कोणतीही अडचण आली की ते आधी पुस्तकात पाहत. मग मात्र पुस्तकात जे सापडेल ते घट्ट धरून ठेवत.

त्या घरात मी मटकी भिजवली, ताक धरले, दळणाच्या डब्यावर झाकण म्हणून बसलो. मग घरात स्टीलची भांडी आली आणि मला अंगणात कोंबड्यांच्या पाण्यासाठी ठेवले. त्याच दिवसांतली एक गोष्ट फक्त मलाच माहीत आहे.

आबांची मुलगी सुलक्षणा तेव्हा पाच वर्षांची होती. तिला जुलाब लागले. त्या काळी घरोघरी एकच उपाय ठाऊक होता: पोट रिकामे ठेवायचे आणि पाणी बंद करायचे. आमच्या भागात कांदा काढायच्या आधी शेताचे पाणी तोडतात, म्हणजे कांदा कोरडा, टणक होतो. माणसाचे पोटही तसेच, असे लोक समजत. सुलक्षणाचे पाणी दोन दिवस तोडले. तिसऱ्या दिवशी ती बरी झाली. सगळे म्हणाले, बघा, पाणी तोडले म्हणून पोर वाचली.

पण ते तसे नव्हते. दोन्ही दिवस दुपारी सगळे आडवे झाले की ती पोर रांगत अंगणात येत असे आणि कोंबड्यांना हाकलून माझ्यातले पाणी पीत असे. मी जिभेवाचून बसलो होतो. मला बोलता आले असते, तर पुढचे काही घडले नसते.

सुलक्षणा मोठी झाली, लग्न होऊन भुसावळला रेल्वेच्या वसाहतीत गेली. तिला ऋतिका नावाची मुलगी झाली. कोंबड्या गेल्या. मी न्हाणीच्या दगडामागे पडून राहिलो. माझ्या कडेला एक पोचा आला, तो कशाने आला तेही कोणी विचारले नाही.

गेल्या वर्षी मे महिन्यात नऊ वर्षांची ऋतिका सुट्टीला आली. तिने रस्त्याच्या कडेने कुत्र्याचे एक पिल्लू उचलून आणले. आई गाडीखाली गेलेली, भावंडे नाहीत, वय महिना-सव्वा महिना. अंग पांढरे. ऋतिकाने तिचे नाव कापशी ठेवले, मला राखेने घासले आणि माझ्यात पाणी भरले.

"आता तू कापशीचा वाडगा," ती मला म्हणाली.

इतक्या वर्षांत मला कोणी उद्देशून बोलले नव्हते.

कापशी पाणी पिताना माझ्यात पुढचे दोन्ही पाय घालून उभी राहायची. झुंबरबाई ओरडायची, "पी ऱ्हायनी का आंघोळ करी ऱ्हायनी?" आबा पुस्तकाआडून हसायचे. पंधरा दिवस असे गेले. मग सुट्टी संपायच्या आधीच ऋतिकाच्या वडिलांनी तिला न्यायला येतो म्हणून कळवले. निघताना ती आबांना म्हणाली, "आबा, कापशी तुमच्याकडे. नीट सांभाळाल ना?"

"सांभाळेन," आबा म्हणाले. ते मोजके बोलत, म्हणून त्यांचे बोलणे पोरीला खरे वाटे.

दुसऱ्या दिवशी सकाळी कापशीला जुलाब लागले. दुपारपर्यंत चार वेळा झाले. आबांनी कपाटातून घरगुती औषधांचे एक जुने पुस्तक काढले. ते माणसांसाठी होते. त्यात लंघनाचे महत्त्व सांगितले होते. पाणी तोडायचे, हे आबांना लहानपणापासून पाठ होते. त्यांनी माझ्यातले पाणी तुळशीत ओतले आणि मला ओट्याच्या कडेला पालथा घातला.

संध्याकाळी झुंबरबाई म्हणाली, "थोडंसं पानी पाजा ना तिले. जीभ दखा, कशी कोरडी व्हई गई."

"पुस्तकमा लिखेल शे, पोट रिकामं ठेवानं. आपली सुलक्षणा नही का वाचनी?"

"पुस्तकले तहान लागस का?"

 आबांच्या मनात शंका आली असावी. पण शंका आली की ते पुस्तकाकडेच पुन्हा वळत, आणि पुस्तकात तेच लिहिलेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कापशीने मान टाकली. आबांनी तिला पिशवीत घातले आणि गुरांच्या दवाखान्याकडे निघाले. अर्ध्या तासात ते परत आले. पिशवी तशीच होती.

"काय सांगं डॉक्टरनी?" झुंबरबाईने विचारले.

"फाटकपाशी गर्दी व्हती. बैलं, शेळ्या. लोके हासतीन. म्हणतीन, रस्ताना कुत्राले औषध कराले उना हाऊ."

 झुंबरबाई धुणे घेऊन नदीवर गेली.

मित्रांनो, त्या दुपारचे मला सांगायलाच हवे. आबा आत पुस्तक उघडून बसले होते. ओट्यावरची सावली सरकली आणि मी उन्हात आलो. आमच्याकडचे मे महिन्याचे ऊन तुम्हाला ठाऊक आहे. माझा पत्रा तव्यासारखा तापला. कापशी कोपऱ्यातल्या पोत्यावरून उठली. ती चालत नव्हती, अंग ओढत होती. ती माझ्यापाशी आली. तिला माझा वास ओळखीचा होता. माझ्या पालथ्या बुडावर तिने जीभ लावली, चटका बसला तशी मागे घेतली, आणि पुन्हा लावली. मग तिने नख्यांनी माझी कड खरवडली. ती मला उलटवू पाहत होती. मी पातळ पत्र्याचा, अगदी हलका. पण तिच्या अंगात तेवढाही जोर उरला नव्हता.

चारच्या सुमारास तिचे खरवडणे थांबले. तिचा एक पाय माझ्या कडेवर तसाच राहिला.

आबा बाहेर आले तेव्हा ते पाहून खाली बसले. त्यांनी तिचा पाय माझ्यावरून काढला नाही. झुंबरबाई नदीवरून आली, तिने तो काढला. परसात शेवग्याखाली खड्डा खणला. मग आबांनी मला धुतले, पुसले, आणि आत फडताळात नेऊन ठेवले. तिथेही पालथाच.

भुसावळहून फोन आला की आबा तो झुंबरबाईच्या हातात देत. तीही काय करणार? ती म्हणे, "कापशी शेतावर गयी, बेटा. तठे मोकळी पयस." सुलक्षणाला खरे सांगितले होते. तीही पोरीला तेच सांगू लागली.

जुलैत पोस्टकार्ड आले. ऋतिकाच्या शाळेत बाईंनी सगळ्यांना एकेक कार्ड लिहायला दिले होते. आबांनी ते हळू आवाजात वाचले, कारण झुंबरबाईला वाचता येत नाही.

"प्रिय आबांस, सा. न. वि. वि. आजी म्हणते कापशी शेतावर गेली. आई पण तेच म्हणते, पण सांगताना माझ्याकडे बघत नाही. तिचं पोट बिघडलं होतं हे मी आईच्या फोनवर ऐकलं. आबा, मी निघायच्या दिवशी माझ्या शेवभाजीतली शेव तिला दिली होती. ती माझ्यामुळे मेली का? मी आता शेव खात नाही. तुम्ही पुस्तकं वाचता, तुम्हाला माहीत असेल. खरं सांगा. तुमची ऋतिका."

झुंबरबाई म्हणाली, "लिखा आते. पोर जीवले लाई बसनी."

आबांनी कागद घेतला. 'चि. ऋतिकास' एवढे लिहिले. नाही म्हणावे, तर मग कोणामुळे, हे लिहावे लागत होते. कागद तसाच राहिला. त्यांनी कार्ड माझ्याखाली सरकवले. दर आठ-पंधरा दिवसांनी ते मला उचलत, कार्ड वाचत आणि मला पुन्हा तसाच ठेवत. पावसाळा गेला, दिवाळी गेली. दिवाळीला ऋतिका आली नाही. भुसावळला एक मुलगी शेव खात नव्हती, आणि तिला खरे काय ते लिहू शकणारा एकच माणूस होता.

मार्च महिन्यात एका सकाळी शेजारचा भिकन आला. पन्नाशीचा, कांदा पिकवणारा, सदा थट्टा करणारा माणूस. त्या दिवशी त्याच्या तोंडावर थट्टा नव्हती. त्याच्या टॉवेलमध्ये तांबड्या रंगाचे पिल्लू होते.

"आबा, तुम्हीन पुस्तकं वाचतस म्हनीसन उनू. पिल्लूले कालदिनथून जुलाब लागनात. कांदाना सारखं पानी तोडी टाकू का?"

आबांचा चेहरा मी फडताळातून पाहिला. ते उठले. त्यांनी मला उचलले. कार्ड जमिनीवर पडले, ते तसेच राहू दिले. माठातले पाणी माझ्यात भरले आणि पिल्लापुढे ठेवले. मी दहा महिन्यांनी उताणा झालो होतो.

"पानी तोडू नको, भिकन," ते म्हणाले. "मी तोडं व्हतं. मन्हा हाते मरी गई ती."

पिल्लू दोन-चार घोट प्याले आणि थांबले. आबांनी पायात चपला सरकवल्या. पिल्लाला भिकनने घेतले, मला आबांनी पिशवीत घातले, वाटेत पाणी पाजता यावे म्हणून.

चौकातल्या चहाच्या टपरीवर चार माणसे बसली होती. एकाने हाक मारली, "काय आबा, पिशवीमा पोथी शे का?"

आबा थांबले. "कुत्राना वाडगा शे. पिल्लूले दवाखानामा लई जाई ऱ्हायनूत."

"माणूसले नंबर लागत नही, आन् कुत्रानी वरात!"

चौघे हसले. मग त्यांनी आपापला चहा उचलला आणि कांद्याच्या भावावर बोलू लागले. ते हसणे एवढेसेच होते. आबा तिथे क्षणभर उभे राहिले. मला वाटते, ते हसणे किती क्षणांचे होते, हे ते मोजत होते.

दवाखान्यातल्या डॉक्टर मेघा वयाने लहान होत्या. त्यांनी पिल्लाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती हळूहळू खाली बसली.

"अंगातलं पाणी कमी झालंय. पण वेळेवर आणलंत," त्या म्हणाल्या आणि सलाईनच्या तयारीला लागल्या. "घरी थोडं थोडं पाणी सारखं देत राहायचं. माणसांच्या गोळ्या द्यायच्या नाहीत. उलट्या झाल्या, रक्त पडलं, मान टाकली, तर तासभरही थांबायचं नाही."

आबांनी खाली बघतच विचारले, "मॅडम, पाणी बंद केलं तर?"

"एवढ्याशा जिवात साठा तो किती असणार, काका? जुलाबातून पाणी जातंच आहे. वरून आपणही बंद करायचं?"

"आणि शेव? कोणी थोडी शेव दिली असेल तर?"

"देऊ नये. तिखट, तळलेलं सोसत नाही त्यांना. पण बिघडलेलं पोट पुष्कळदा बरं होतं."

"मागच्या वर्षी आमच्याकडे एक होतं."

"काय झालं होतं त्याला? शेव, म्हशीचं दूध, जंत, एखादा रोग... आता कसं सांगू? पाहिलं असतं तर सांगितलं असतं."

आबांनी मान हलवली. त्या फाटकातून ते एकदा परत गेले होते, हे डॉक्टरांना ठाऊक नव्हते. मला होते.

भिकनचे पिल्लू जगले. हाडे निघालेली आहेत, अजून धड भुंकत नाही, पण जगले.

दुसऱ्या दिवशी आबांनी कोरे पोस्टकार्ड आणले. झुंबरबाई म्हणाली, "पाकीट लयतात. उघडं कार्ड शे, पोस्टवाला बी वाचीन."

"वाचू दे."

लिहून झाल्यावर त्यांनी ते तिला वाचून दाखवले.

"चि. ऋतिकास, अनेक आशीर्वाद. कापशी शेतावर गेली नाही. ती मेली. तुझ्या शेवेने तिचे पोट बिघडले असेल किंवा नसेलही, ते आता कोणी सांगू शकत नाही. पण बिघडलेले पोट बरे होते. तिला पाणी हवे होते आणि ते मी बंद केले. तुझा वाडगा मी पालथा ठेवला होता. ती त्याच्यापाशी गेली होती. दवाखान्याच्या फाटकापर्यंत जाऊन लोक हसतील म्हणून मी परत आलो. पाणी दिले असते तर ती वाचलीच असती असे मी म्हणत नाही, मला माहीत नाही. पुस्तकातही त्याचे उत्तर नाही. तू विचारलेस, त्याला आठ महिने उत्तर दिले नाही, हा दुसरा अपराध. मे महिन्यात यावेसे वाटले तर ये. शेव खात जा. तुझा आबा."

झुंबरबाईने डोळ्यांना पदर लावला. मग ती म्हणाली, "वाडगा बी लई जा. घरमा ठेवू नका आते."

म्हणून आज मी पोस्टाबाहेर आहे. भिंतीवर लाल पेटी आहे, तिच्या सावलीत एक काळी कुत्री आणि तिची तीन पिल्ले पडलेली असतात. आबांनी मला पेटीखाली ठेवले आणि शेजारच्या नळावरून तांब्याभर पाणी आणून माझ्यात ओतले.

मित्रांनो, माझे मागणे फार नाही. येता-जाता माझ्यात पाणी आहे का, तेवढे पाहत जा. आजारी जीव बोलत नसला, तरी तो कोणत्या भांड्यापाशी जातो ते पाहत जा. आणि मला पालथा घालू नका.

आबांनी कार्ड पेटीच्या तोंडाशी धरले. पुष्कळ वेळ धरले. एक पिल्लू धडपडत आले आणि माझ्यात पुढचे दोन्ही पाय घालून पाणी पिऊ लागले. आबांनी त्याच्याकडे पाहिले. मग माझ्या डोक्यावर, पेटीच्या आत, कार्ड पडल्याचा आवाज झाला.