फलानंद महाराजांचा कुंचा

शनिवारी संध्याकाळी चर्चच्या मागच्या पार्किंगमध्ये एकोणतीस गाड्या उभ्या होत्या आणि त्यातल्या एकाही गाडीतला माणूस चर्चमध्ये गेलेला नव्हता. सगळे दाटीवाटीने उभे राहून एका दुधीकडे बघत होते. दुधी वीतभर लांबीचा होता. भाजीला हात जोडणारी माणसं मी त्यापूर्वी पाहिली नव्हती. त्यांत दोन भूलतज्ज्ञ होते, एक हाडांचे डॉक्टर होते आणि बाकीचे माझ्यासारखे, डेट्रॉइटच्या मोटारींचे ब्रेक आणि गिअर बनवणारे इंजिनियर.

"बारा दिवसांपूर्वी या वेलीवर काय होतं?" फलानंद महाराजांनी विचारलं.

"काही नव्हतं," भूलतज्ज्ञांपैकी एक, डॉ. हेमचंद्र म्हणाले. वेल त्यांची होती आणि महाराजही त्यांच्याच बेसमेंटमध्ये उतरले होते.

"फुलं होती?"

"फुलं खूप होती, महाराज."

"फुलं म्हणजे वासना, फळ म्हणजे कृपा." महाराजांनी मोरपिसांचा कुंचा कपाळाला लावला. "अमेरिकेच्या मातीत वासना भरपूर आहे. कृपा मात्र इम्पोर्ट करावी लागते."

लोक कृतार्थ होऊन हसले. माझं डोकं फिरलं, पण मी गप्प बसलो. गप्प बसण्याचं कारण लाजिरवाणं होतं. माझ्या स्वतःच्या वेलीवर शंभर फुलं होती आणि दुधी एकही नव्हता.

डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयमधल्या आम्ही बारा मराठी कुटुंबांनी त्या चर्चकडून भाजीसाठी एका कुंपणातले छोटे छोटे प्लॉट घेतले होते, त्याला १९८६च्या उन्हाळ्यात तिसरं वर्ष लागलं होतं. मिशिगनची चिकणमाती ओली असली की बुटाला सोडत नाही आणि वाळली की कुदळीला दाद देत नाही. मेच्या अखेरीस एका रात्रीच्या थंडीने माझी टोमॅटोची रोपं काळी पडली, ती मी पुन्हा लावली. भेंडी ग्राउंडहॉगने खाल्ली. हा प्राणी म्हणजे घुशीचा थोरला भाऊ. मेथी मात्र अशी माजली की ऑफिसातले अमेरिकन लोक मला बघून लिफ्ट बदलायला लागले. पण आमचा सगळ्यांचा जीव दुधीत अडकलेला होता. मोज्यात लपवून विमानातून आणलेलं बी, त्यासाठी बांधलेले मांडव, आणि दर वर्षी पदरात नुसती पांढरी फुलं.

त्यात पिवळ्या पट्ट्यांचे किडे यायचे. म्हणून दर शुक्रवारी ऑफिस सुटलं की आम्ही सगळे वेलींवर पांढरी पावडर मारायचो आणि शनिवारी सकाळी चहाचा थर्मास घेऊन मिटलेली फुलं बघायला जायचो.

महाराजांचा दुधी बघून झाल्यावर माझा शेजारी विक्रम पुढे झाला. त्याचा प्लॉट माझ्या प्लॉटला लागून होता.

"महाराज, आमच्याही दोन वेलींवर काहीच धरत नाही."

"बी कोणी पेरलं?"

"हिने," विक्रम म्हणाला. त्याची बायको सुलेखा मागे उभी होती.

महाराजांनी तिच्याकडे नीट बघितलं. "मूलबाळ?"

लग्नाला सात वर्षं होऊनही नव्हतं, हे सगळ्यांना माहीत होतं.

"रिकाम्या कुशीची सावली वेलीवर पडली," महाराज डोळे मिटून म्हणाले. "पुढच्या शनिवारी कृपा करू. तोवर या बाईंनी कुंपणाच्या आत पाऊल टाकायचं नाही. एकवीस गुरुवार उपास करायचे. आणि शरीराला शस्त्र लावू द्यायचं नाही. वेल फळली की कूसही फळेल."

हे शस्त्र कुठून आलं तेही मला ठाऊक होतं; विक्रमने ते आधीच महाराजांच्या कानावर घातलं असणार. अठ्ठावीस ऑगस्टला, गुरुवारी, सुलेखाची दुर्बिणीतून तपासणी आणि छोटंसं ऑपरेशन ठरलं होतं. ती तारीख मिळवायला तिला पाच महिने लागले होते. डॉक्टरांनी विक्रमलाही एक साधी टेस्ट करायला सांगितली होती, ती तो दोन वर्षं टाळत होता. सुलेखाने हे माझ्या बायकोला सांगितलं होतं आणि अर्थातच बायकोने मला. सुलेखा मान खाली घालून कुंपणाबाहेर गेली. ज्या वेलींना तिने मे महिन्यापासून बादल्यांनी पाणी घातलं होतं, त्यांना हात लावायची तिला बंदी झाली. मला विक्रमचा इतका राग आला की मी त्याच्याशी धड बोललोही नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. "वहिनी, ऑपरेशन कॅन्सल करू नका. हेमचंद्रकाकांचा दुधी हा योगायोग आहे."

"मग तुमच्या वेलीला का नाही होत योगायोग, भावजी?" सुलेखाने विचारलं.

ब्रेक का लागत नाही हे मी झोपेतसुद्धा सांगेन. दुधी का लागत नाही हे मला ठाऊक नव्हतं, आणि नुसतं 'थोतांड, थोतांड' म्हणून कोणाचं समाधान होत नाही.

उत्तर माझ्याच घरी स्वेटर घालून बसलं होतं. माझी पद्मजामावशी इस्लामपूरच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झाली होती आणि दोन महिन्यांसाठी आमच्याकडे आली होती. भर ऑगस्टमध्ये तिला एअर कंडिशनरची थंडी वाजायची. मी सगळं सांगितल्यावर ती म्हणाली, "मला तुझी वेल दाखव. पण सकाळी नको, दिवस मावळायच्या सुमारास जाऊ."

तेव्हा नुकतीच फुलं उमलत होती. तीन वर्षांत मी दुधीचं फूल उमललेलं कधी पाहिलंच नव्हतं.

"ही बघ, लांब दांडीची. ही सगळी नरफुलं. आणि या फुलाच्या खाली काय आहे?"

फुलाच्या खाली करंगळीएवढा, लव असलेला दुधी होता.

"हे मादीफूल. नराचे पराग इथे पोचले तर हा वाढणार, नाही पोचले तर पिवळा पडून गळणार. पराग कोण पोचवतं? संध्याकाळी येणारे पतंग. आणि तुम्ही शहाणे नेमक्या शुक्रवारी संध्याकाळी काय करता?"

"पावडर मारतो," मी म्हणालो. माझा चेहरा उतरला होता.

"इकडे उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून मादीफुलं आधीच उशिरा येतात. आली की तुम्ही त्यांच्या पाहुण्यांना विष घालता. महाराजांनी हेमचंद्रांना काय काय करायला सांगितलं होतं?"

मी आठवून सांगितलं. अकरा दिवस वेल सोवळ्यात, म्हणजे पावडर बंद. रोज संध्याकाळी पूजा. पहिलं फूल तोडून देवाला, ते फूल कुंच्यात खोवायचं आणि मग कुंचा वेलीवरच्या फुलांना लावायचा.

मावशी हसली. "देवाला वाहिलेलं फूल लांब दांडीचंच असणार. माणूस लबाड आहे, पण अडाणी नाही. त्याने दुधी लावलेत."

मी तिथूनच विक्रमला गाठायला निघालो होतो. तिने मला थांबवलं. "तू सांगितलंस तर ते भांडण होईल. डोळ्यांनी दिसू दे."

पुढच्या शनिवारी दिवस मावळताना पार्किंगमध्ये गाड्या मावत नव्हत्या. सुलेखा कुंपणाबाहेर उभी होती. महाराजांनी विक्रमच्या वेलींसमोर मंत्र म्हटला आणि नरफुलाकडे हात नेला.

"महाराज," मावशी पुढे होऊन नमस्कार करत म्हणाली, "परवाच्या प्रवचनात आपण सांगितलंत, फूल तोडलं की वेलीला वेदना होतात. आज फूल न तोडता कृपा करावी."

लोकांनी माना डोलावल्या. महाराजांचा हात अर्ध्यावर थांबला.

"आणि कुंचा शुद्ध करून घेते. हरिद्वारचं गंगाजल आणलंय." महाराज काही बोलायच्या आत तिने कुंच्यावर तांब्या ओतला आणि पेपर टॉवेलने पीस न् पीस पुसून काढलं. टॉवेलवर पिवळा डाग पडला. तो तिने घडी करून पर्समध्ये ठेवला. गंगाजलाला नाही कोण म्हणणार?

महाराजांनी कोरडा कुंचा तीन मादीफुलांवरून फिरवला. मावशीने लगेच त्या फुलांना लाल दोरा बांधला आणि वरून एकेक कागदी पिशवी चढवली. मग तिने हाक मारली, "सुलेखा, आत ये."

"मावशी, त्यांना आत यायला मनाई आहे," हेमचंद्रकाका म्हणाले.

"डॉक्टर, तुम्ही रोज माणसांना बेशुद्ध करता, शुद्धीवर आणायचंही बघा जरा. ये गं."

सुलेखाने विक्रमकडे पाहिलं. तो बुटाकडे बघत होता. ती आत आली. मावशीच्या सांगण्यावरून तिने एक नरफूल तोडलं, त्याच्या पाकळ्या मागे केल्या आणि उरलेल्या तीन मादीफुलांना ते हलकेच घासलं. त्या फुलांना पांढरा दोरा आणि तशाच पिशव्या बांधल्या. पिशव्यांच्या तोंडावर हेमचंद्रकाकांनीच चिकटपट्टी लावून सह्या केल्या.

ते आठ दिवस मला फार जड गेले. सुलेखाने उपास धरला होता आणि हॉस्पिटलला फोन करू की नको करत होती. दुधीला अजून शंभर कारणं असतात, हे मी इंजिनियर म्हणून जाणून होतो. एखादा मुंगळा पिशवीत शिरला असता तरी एका बाईचं ऑपरेशन रद्द झालं असतं.

चोवीस तारखेला, रविवारी पिशव्या उघडल्या. लाल दोऱ्याच्या तिन्ही फुलांखाली पिवळी, सुरकुतलेली बोंडं होती. एक तर हात लावताच गळून पडलं. पांढऱ्या दोऱ्याचे तिन्ही दुधी पिशव्या फाडायच्या बेतात होते.

"पिशवीमुळे कृपा कोंडली," महाराज म्हणाले.

"कृपा आधी झाली, पिशवी नंतर बांधली," मावशी म्हणाली. "आणि पिशवी सहाही फुलांना होती." तिने पर्समधून टॉवेल काढून हेमचंद्रकाकांच्या हातात दिला. "हा पिवळा डाग म्हणजे पराग. आजवर काम परागांनी केलं आणि नाव झालं कुंच्याचं." मग तिने नर आणि मादी, पतंग आणि पावडर, सगळं शाळेत सांगावं तसं सांगितलं.

काकांनी टॉवेल उजेडात धरला. "आम्ही बॉटनी शिकलो होतो हो," ते म्हणाले. महाराज बुधवारी शिकागोच्या भक्तांकडे रवाना झाले.

सुलेखा दुधीला हात लावून उभी होती. ती विक्रमकडे वळली. "सात वर्षं सगळे मला वांझ म्हणतायत. वेलीलाही तेच म्हणत होते. वेलीत काही कमी नव्हतं. माझ्यात आहे की नाही ते गुरुवारी कळेल. तुझं कधी कळणार?"

गुरुवारी विक्रम तिच्याबरोबर हॉस्पिटलला गेला आणि त्याच दिवशी त्याने आपली टेस्ट करून घेतली.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण आपली माणसं. पुढच्या आठवड्यात शनिवारी मी प्लॉटवर गेलो तर सुलेखासमोर रांग लागलेली. एक बाई कारल्याची कुंडी घेऊन आल्या होत्या. "सुलेखा, तुझ्या हाताला गुण आहे. एकदा लाव ना गं."

मला हसावं की रडावं कळेना. सुलेखाने मात्र कुंडी त्यांच्या हातात परत दिली. "हाताला गुण नाही, काकू. हे नरफूल, हे मादीफूल. तुमच्या हाताने लावा, मी बघते."

सुलेखा-विक्रमला पुढे मूल झालं का, हे मला बरेच जण विचारतात. मी सांगत नाही. झालं म्हटलं तर तुम्ही मावशीच्या फोटोला हार घालाल, नाही म्हटलं तर महाराजांचा शाप म्हणाल. तुमच्या वेलीला फळ धरत नसेल तर संध्याकाळी जाऊन फूल उमललेलं बघा. आणि घरात पाळणा हलत नसेल तर दोघंही डॉक्टरकडे जा. बाईला कुंपणाबाहेर उभं करू नका.